श्रवणयंत्राची शीळ

नातवानें गळ्यांत हात टाकले कीं आजोबांच्या श्रवणयंत्रांतून बारीक शीळ निघते. ते घाईनें यंत्राचा आवाज उतरवितात. शीळ थांबते, पण तिच्याबरोबर नातवाचें बोलणेंही मावळतें.

ही शीळ म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. कानांत सोडलेला वाढीव आवाज साच्याच्या फटींतून निसटून मायक्रोफोनपर्यंत पोंचतो, पुन्हां वाढतो आणि पुन्हां कानांत जातो. वाटेंत जितका आवाज घटतो तितका यंत्रानें भरून काढला आणि परतलेल्या लहरी मूळ लहरींशीं जुळल्या, कीं हें चक्र आपोआप चालूं लागतें. अशा चक्रांच्या स्थैर्याचें गणित हॅरी नायक्विस्ट यांनीं १९३२ सालीं मांडलें. नातवाचा हात कानाजवळ आल्यानें निसटलेला आवाज त्यावरून परततो, एवढेंच.

शीळ बहुधा उंच पट्टींत वाजते. ती पट्टीच दाबून टाकावी, हा उपाय सोपा खरा. परंतु ‘स’, ‘श’ या वर्णांचा जीव उंच कंपनांतच असतो, आणि वार्धक्यांत प्रथम तींच ऐकूं येईनाशीं होतात. मग ‘सात’ काय आणि ‘हात’ काय, सारखेंच वाटूं लागतें. ज्यासाठीं यंत्र घेतलें तेंच त्यांतून काढून टाकावयाचें !

आजचीं अंकीय यंत्रें निराळी युक्ति योजतात. आपण कोणता आवाज सोडला हें यंत्राला ठाऊकच असतें. तो कोणत्या रूपानें परतेल याचा अंदाज बांधून तेवढा भाग आंत आलेल्या आवाजांतून तें वजा करतें. जेवतांना जबडा हलतो, टेलिफोन कानाशीं येतो, आणि गळतीची वाट बदलते. म्हणून अंदाजही क्षणोक्षणीं सुधारावा लागतो. बर्नार्ड विड्रो व टेड हॉफ यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेली, उरलेल्या चुकीवरून किंचित् किंचित् दुरुस्ती करीत जाणारी गणनपद्धति येथें उपयोगी पडते.

तिची फजिती होते ती बांसरीपाशीं. लांबविलेला सूर आणि शीळ यांत गणिताला भेद दिसत नाहीं. यंत्र खऱ्या सुरालाच शीळ समजून वजा करूं लागतें. सूर थांबला तरी त्या चुकीच्या वजाबाकीचा नाद मागें रेंगाळतो. यावर तोड म्हणून बाहेर सोडावयाच्या आवाजाची कंपनसंख्या थोडी सरकवितात, म्हणजे आपला आवाज व परका आवाज वेगळे ओळखूं येतात. सभागृहांतील ध्वनिवर्धकांची शीळ रोखण्यासाठीं असें सरकविण्याची कल्पना मॅन्फ्रेड श्रोडर यांनीं १९६४ सालच्या निबंधांत मांडली होती. भाषणाला हें चालून जातें. पण सरकलेला सूर फटींतून थेट येणाऱ्या मूळ सुरांत मिसळला, कीं जाणकार कानाला तो हेलकावतांना जाणवतो. म्हणून कित्येक यंत्रांत संगीतासाठीं वेगळी योजना असते. तींत ही वजाबाकी मंद किंवा बंद ठेवतात, आणि शीळ रोखण्याचा भार पुन्हां कानांत घट्ट बसणाऱ्या साच्यावर येऊन पडतो.