हिंगोट उडताहेत, बोला इंग्रजीत!

इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्यात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं. गौतमपुऱ्याचा संघ तुर्रा, रुणजी गावाचा कलगी. हिंगोटाचं फळ पोखरून, वाळवून त्यात दारू भरतात आणि पेटवून समोरच्यांवर फेकतात. इंग्रजीतल्या चालू वर्तमानकाळाच्या सरावाला या युद्धाचं धावतं वर्णन फार उपयोगी.

‘ही इज लाइटिंग अ हिंगोट’, ‘पीपल आर रनिंग’. कर्ता पाहून अ‍ॅम, इज किंवा आर घ्यायचं, क्रियापदाला ‘इंग’ जोडायचं. दरवर्षीची रीत सांगताना मात्र ‘दे फाइट एव्हरी इयर’.

खरी गडबड ‘नो’सारख्या क्रियापदांत होते. ‘आय अ‍ॅम नोइंग’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही. माहीत असणं ही स्थिती आहे, चालू कृती नव्हे. पुढचं ठरलेलं सांगताना ‘आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो’ मात्र बिनधास्त म्हणावं. मराठीतही ‘उद्या येतोय’ म्हणतातच.