विमच्या दारावरची विनंती

विम हा एडिटर कुठलीही फाइल न देता नुसता उघडला, तर पडद्याच्या मधोमध चार-सहा ओळी येतात. आवृत्तीचा आकडा, कर्त्याचं नाव आणि बहुतेक वेळा खाली एक विनंती : युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. तुम्ही टाइप करायला लागलात की ती पुसली जाते. मीही कित्येक वर्षं ती अशीच पुसत आलो. कुणाची तरी जाहिरात असेल, एवढंच वाटायचं.

एडिटर म्हणजे प्रोग्रॅमरची वही. विमचं मूळ घराणं 'व्हीआय' नावाच्या एडिटरचं. तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीत लिहिला. त्यांच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. आजही विमवाले त्याच चार कळांनी पडद्यावर फिरतात. इथे कळ दाबली की अक्षर उमटेलच असं नाही, बऱ्याचदा हुकूम सुटतो. डी म्हणजे काढून टाक, डब्ल्यू म्हणजे शब्द. दोन्ही ओळीने दाबा, एक शब्द गेला. डब्ल्यूऐवजी डॉलरचं चिन्ह दाबा, ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं गेलं. आणि नुसतं टिंब दाबलं, की मघाचीच दुरुस्ती पुन्हा. क्रियापद एकदा शिकायचं, कर्म हवं ते लावायचं. नवख्याला मात्र यातून बाहेर कसं पडायचं तेच सापडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये मी सरळ कॉम्प्युटरचं बटण बंद केलं होतं, आणि असं करणारा मी एकटा नव्हतो.

विमचे कर्ते ब्राम मोलेनार यांचा जन्म १९६१ चा, नेदरलँड्समधल्या लिसे गावचा. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून ते १९८५ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागले. घरी अमिगा कॉम्प्युटर घेतला, पण त्यावर धड व्हीआय मिळेना. तेव्हा टिम थॉम्पसन यांनी अटारी कॉम्प्युटरसाठी लिहिलेला 'स्टीव्ही' हा व्हीआयसारखा प्रोग्रॅम त्यांनी आधाराला घेतला आणि १९८८ पासून स्वतःच्या सोयीसाठी तो सुधारत बसले. २ नोव्हेंबर १९९१ ला त्याची १.१४ ही आवृत्ती 'विम' या नावाने लोकांपुढे आली, तीही फ्लॉपीवर : फ्रेड फिश नावाचे गृहस्थ अमिगाचे फुकट प्रोग्रॅम फ्लॉप्यांवर भरून वाटत, त्यातली ५९१ क्रमांकाची. विम म्हणजे तेव्हा 'व्हीआयची नक्कल'. पुढे तीच अक्षरं ठेवून अर्थ बदलला : 'सुधारलेला व्हीआय'.

आता युगांडा. १९९४ च्या उन्हाळ्यापासून वर्षभर मोलेनार युगांडाच्या दक्षिणेला, टांझानियाच्या हद्दीजवळच्या किबाले गावात स्वयंसेवक होते. हा राकाई जिल्हा एड्सने पोखरलेला. विमबरोबर येणाऱ्या मदतीच्या मजकुरात त्यांनी लिहून ठेवलंय : साडेतीन लाखांच्या वस्तीत आई किंवा बाप किंवा दोघंही गेलेली सुमारे ६०,००० मुलं. बहुतेक पोरं काकाकडे नाहीतर थोरल्या बहिणीकडे वाढणारी. कपडे, औषध, शाळा हे सगळं आवाक्याबाहेर. तिथे मोलेनार यांनी प्रोग्रॅमिंग शिकवलं नाही. त्यांचं काम पाणी आणि स्वच्छतेचं. संडासासाठी लागणाऱ्या सिमेंटच्या लाद्या पाडायची जागा उभी करायला त्यांनी मदत केली. त्या लाद्या उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीला विकल्या जात. जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या हाताखालचं हत्यार घडवणाऱ्या माणसाचं हे दुसरं काम मला पहिल्याइतकंच त्याचं वाटतं. दोन्हीकडे रोजच्या गरजेची, दिमाख नसलेली वस्तू नीट बसवून द्यायची होती.

परतल्यावर त्यांनी आयसीसीएफ हॉलंड या संस्थेमार्फत किबालेच्या बालकेंद्रासाठी पैसे उभे करायला घेतले. विमचा परवाना म्हणतो : हवं तितकं वापरा, हव्या तितक्या प्रती काढा, आवडलं तर त्या मुलांना काहीतरी द्या. सक्ती नाही. याला 'चॅरिटीवेअर' म्हणतात.

त्यांच्याविषयी सगळं गोडच बोलावं असं नाही. जगभरातून पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, येत, पण आत काय जाणार ते मोलेनार ठरवत, आणि मूळ कोडमधल्या बहुतेक नोंदी त्यांच्याच हातून होत. २००६ ते २०२१ ते गूगलच्या झुरिक कार्यालयात होते, तेव्हाही हा शिरस्ता सुटला नाही. मोठ्या फेरबदलांचे पॅच अडकून पडतात, या वैतागातून २०१४ मध्ये 'निओव्हिम' हा विमचाच फाटा वेगळा निघाला. एडिटर न थांबता पाठीमागे दुसरं काम चालू ठेवायची सोय विममध्ये २०१६ च्या आठव्या आवृत्तीत आली. निओव्हिमचा धक्का बसला नसता तर ती आणखी रेंगाळली असती, असं माझं मत. पण एकाच माणसाच्या हट्टामुळेच विमच्या जुन्या सवयी मोडल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

३ ऑगस्ट २०२३ ला, ६२ व्या वर्षी, ब्राम मोलेनार गेले. आजार शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढला, असं घरच्यांनी कळवलं. क्रिस्टियन ब्राबांट आणि इतर जुन्या साथीदारांनी काम उचललं आणि २ जानेवारी २०२४ ची ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण केली.

विम वापरत असाल तर पुढच्या खेपेला लगेच टाइप करू नका. कोलन द्या, इंग्रजीत 'हेल्प युगांडा' लिहून एन्टर दाबा, आणि लाद्यांचा तो परिच्छेद वाचा. बाहेर पडायला कोलन, क्यू, एन्टर, तेही दोनदा : एकदा मदतीच्या खिडकीतून, एकदा विममधून.