लिटरमागे पाच रुपये रस्त्याला, बाकीचे कुठे?

मुंबईहून पुण्यामार्गे येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन सोलापूरजवळ पाकणीला पोचते. तिथल्या डेपोतून टँकर भरतात आणि जिल्ह्यातल्या पंपांकडे निघतात. फाटकाबाहेर पडतानाच टँकरमधल्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा आणि राज्याचा कर चढलेला असतो. मग मोहोळच्या किंवा अक्कलकोटच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक आदळलं, की दुचाकीस्वाराच्या तोंडी एकच प्रश्न येतो: एवढा कर भरतो, तो जातो कुठे?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झालं, डिझेलवर १७ रुपये ८० पैसे. राज्याचा मूल्यवर्धित कर पेट्रोलवर २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे; डिझेलवर २१ टक्के. २०२५ च्या भावाने सोलापूरकर एका लिटर पेट्रोलला साधारण १०४ रुपये मोजत होता. त्यातले सुमारे ४७ रुपये कराचे होते.

या ४७ रुपयांत रस्त्याचं नाव लिहिलेली रक्कम किती? केंद्राच्या शुल्कातला ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ तेवढा, म्हणजे पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये. राज्याच्या वाट्यातल्या एकाही पैशावर रस्त्याचा कायदेशीर हक्क नाही. तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचं व्याज, योजना आणि थोडेफार रस्ते अशा वाटांनी बाहेर पडतो. इंधनावरच्या विक्रीकरातून महाराष्ट्राला वर्षाला तीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात, पण पेट्रोल जास्त खपलं म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याला जास्त डांबर मिळेल असं नाही.

पेट्रोलच्या पैशाची रस्त्याशी गाठ घालण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे आणि ती घालण्यात एका मराठी माणसाचा हात होता. मोटारी वाढल्या, रस्त्यांचा भार लोकल बोर्डांना पेलेना, तेव्हा १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीचं म्हणणं सरळ होतं: रस्त्याचा फायदा मोटारवाल्याला, तर पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यासाठी वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे या निधीत जाऊ लागले.

२००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला आणि या जुन्या कल्पनेला नवा आधार मिळाला. कायद्याने उपकराच्या वाटण्याही ठरवून दिल्या: राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते, खेड्यांचे रस्ते आणि रेल्वेवरचे उड्डाणपूल. २०१८ मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ शिरल्या आणि दार रुंद झालं. त्यातून रेल्वेच काय, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थाही पायाभूत सुविधा म्हणून बसू शकतात. त्याच २०१८-१९ वर्षाच्या हिशेबावर महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला, की या उपकरातले १० हजार कोटींहून अधिक रुपये निधीत पोचलेच नाहीत.

राज्याच्या करांची गोष्ट याहून मजेशीर आहे. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये बसवले. दुष्काळ सोलापूरच्या पाचवीला पुजलेला, त्यामुळे इथे कोणी फारशी कुरकुर केली नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पेट्रोलवरचा अधिभार मात्र चढतच राहिला. एप्रिल २०१७ मध्ये तो ६ रुपयांवरून ९ झाला. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली होती आणि सरकारच्या महसुलाला भोक पडलं होतं. म्हणजे महामार्गावरची दारू बंद झाली, भुर्दंड पेट्रोलवाल्याला पडला आणि त्या पैशात महामार्गाचा वाटा शून्य! २०२२ मध्ये कपात होऊन जी रक्कम उरली, तेच आजचे ५ रुपये १२ पैसे.

अमेरिकेत नेमकी उलटी गत आहे. तिथला केंद्रीय पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर अडलेला आहे आणि तो बहुतांशी रस्त्यांसाठी राखलेला असल्याने निधी आटतो. २००८ पासून सरकारला दुसरीकडचा पैसा त्यात ओतावा लागतोय. आपल्याकडे कर कमी पडत नाही, त्याची रस्त्याशी असलेली गाठ सैल पडली आहे.

त्यातही नवा रस्ता आणि दुरुस्ती यांच्या नशिबात फरक आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात दोन आकडे सारखे कानावर पडतात: ‘३०५४’ आणि ‘५०५४’. दोन्ही लेखाशीर्षं रस्ते आणि पुलांचीच. ५०५४ हा भांडवली खर्च, म्हणजे नवं काम. ३०५४ हा महसुली खर्च, त्यातच देखभाल-दुरुस्ती येते. ५०५४ साठी नाबार्डचं कर्ज मिळतं. केंद्र २०२०-२१ पासून राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, तेही भांडवली कामांसाठीच. नारळ फुटतो, कोनशिला बसते. ३०५४ ला कर्जही नाही आणि कोनशिलाही नाही. नळकांडी मोरी वेळेत साफ केली म्हणून कोणाचा फलक लागल्याचं ऐकिवात नाही. केंद्रीय रस्ते निधीतून, ज्याला अभियंते अजून ‘सीआरएफ’च म्हणतात, राज्याला मिळणारा पैसाही बहुधा रुंदीकरण-मजबुतीकरणाकडे वळतो.

राष्ट्रीय महामार्गांचं बरं चाललं आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ९९ किलोमीटरचा चौपदरी टप्पा ९७२ कोटींहून अधिक खर्चून झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तिथे तामलवाडीला आणि पुण्याच्या रस्त्यावर सावळेश्वर, वरवड्याला टोल आहे. वाहनधारक इंधनावर कर भरतो, गाडी घेताना वाहनकर भरतो आणि वर टोल देतो. निदान त्या रस्त्यांना कोणी वाली आहे. अडचण येते ती इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्गांची. ते जिल्हा परिषदेकडे, आणि परिषदेची भिस्त जिल्हा नियोजन समितीतून मिळेल त्या ३०५४ वर. शहरातले रस्ते महापालिकेचे. तिची जकात कधीच गेली, नंतर आलेला स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला. आता राज्याच्या अनुदानाची वाट पाहायची.

रस्ते मोडतात कशाने, हेही पाहायला हवं. १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीतून एक सूत्र निघालं: आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट केला, तर झीज सोळापट. २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाडीच्या मागच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन, पण या सूत्राने झीज साठ टक्क्यांनी वाढते. त्यात सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर ज्या अरुंद रस्त्यांवरून जातात, ते एवढ्या भारासाठी आखलेलेच नव्हते. ही जड वाहतूक चालते डिझेलवर, आणि रस्त्याचा उपकर मात्र डिझेलवर २ रुपये, स्कूटरच्या पेट्रोलवर ५ रुपये! डिझेल महागलं की भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं महागतं हे खरं, पण रस्त्याच्या हिशेबात हा व्यवहार उफराटा आहे.

राज्याला कर मनाला येईल तसा वाढवताही येत नाही. विजयपूरच्या रस्त्याने टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. जून २०२४ पूर्वी तिथलं डिझेल लिटरमागे कित्येक रुपयांनी स्वस्त होतं. ट्रकवाले भीमेपलीकडे टाकी भरत आणि झिजवत सोलापूरचे रस्ते. कर्नाटकाने जून २०२४ आणि एप्रिल २०२५ मध्ये कर वाढवले, तशी ही तफावत बरीच मिटली. पुढचा धोका वेगळाच आहे. विजेच्या गाड्या हा कर देत नाहीत आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लागत नाही. उसाच्या या जिल्ह्याला इथेनॉल हवंच आहे, पण रस्त्याचा उपकर तेवढ्याने आटणार.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला, वडकबाळला पुलावर पाणी आल्याने विजयपूरचा रस्ता तुटला, तिऱ्ह्याला कोल्हापूरची वाट अडली. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात १० हजार कोटी रस्ते-पुलांसह मोडलेल्या पायाभूत सुविधांसाठी धरले होते. संकट आलं की पैसा उभा राहतो. पण पुलाच्या पायाखालची माती किती वाहून गेली, बेअरिंग किती झिजले, हे दरवर्षी पाहणाऱ्या कामाला पॅकेज मिळत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. नव्याचं कौतुक झालं ते योग्यच, पण जुन्याची निगा कोणत्या पैशातून व्हायला हवी होती, ही चर्चा तिथेच विरली.

तेव्हा इंधनावरचा कर दुरुस्तीला पुरतो का? गोळा होतो तो भरपूर, दुरुस्तीला म्हणून काही राखलेलंच नाही. त्या ५ रुपये १२ पैशांतला एक रुपया कायद्याने ३०५४ ला बांधून द्यायला नवा कर लागत नाही, विधिमंडळाचा एक निर्णय लागतो. जिल्ह्यातल्या अकराही आमदारांनी तो मागावा, आणि जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हाती आला की सोलापूरकरांनी ५०५४ च्या आधी ३०५४ ची ओळ वाचावी.