मेसेज पुसू नका

मैत्रिणींनो, ग्रामसभेत नळयोजनेचा हिशेब विचारला, की काही बायांच्या मोबाईलवर घाणेरडे मेसेज यायला लागतात. हिशेब राहतो बाजूला, चर्चा होते बाईच्या चारित्र्याची. पुढच्या सभेत तिनं तोंड उघडू नये, एवढ्यासाठीच हे चालतं.

असा मेसेज रागानं पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मगच ब्लॉक करा. बाईच्या अब्रूला धक्का लावण्यासाठी वापरलेले शब्द हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर देता येते. ठाण्यात जाताना गटातल्या दोघीतिघी सोबत न्या. आणि पुढच्या ग्रामसभेत हिशेबाचा तोच प्रश्न सगळ्या मिळून विचारा.