इमारतीला सेन्सर लावायचा धंदा: पैसा नेमका कशात आहे?



"सर, जुन्या सोसायट्यांना सेन्सर लावून द्यायचा धंदा करू का?" करा ना. पण आधी इमारत आजारी कशी पडते ते समजून घ्या, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये सेक्रेटरी तुमची विकेट काढेल.

आरसीसीचा मोठा शत्रू म्हणजे गंज. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड किंवा समुद्रकाठचा खार आत मुरला की हे कवच जातं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती मिळाली नाही की तो काँक्रीट फोडतो. म्हणजे सळईच्या रेषेत तडा दिसला, तर आतलं दुखणं जुनं आहे.

मग मोजायचं काय? एक, गंजाची शक्यता. सळईला वायर जोडायची, काँक्रीटवर तांबं-मोरचुदाचा इलेक्ट्रोड टेकवायचा आणि मिलीव्होल्ट बघायचे. आकडा उणे ३५० च्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. दोन, तड्याची हालचाल. त्यासाठी तड्यावर क्रॅक मीटर बसवतात.

आणि इथेच नवशिके फसतात. तडा उन्हानेही हलतो! दहा मीटर लांबीचं काँक्रीट १० अंशांनी तापलं, तर साधारण १ मिलीमीटर वाढतं. शेजारी तापमानाचा सेन्सर नसेल, तर दुपारचा आकडा बघून तुम्ही उगाच सगळ्या बिल्डिंगला घाबरवाल. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे वर्षभराचे आकडे हातात आले, की खरी वाढ कुठली ते कळायला लागतं.

आता धंद्याचं. सेन्सर काय, कोणीही ऑनलाइन मागवेल. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. दोन ऑडिटच्या मधल्या काळात लक्ष कोण ठेवतो? तिथे तुमचा वार्षिक करार बसतो: दरमहा रिपोर्ट, बॅटरी बदलणं, रंगाऱ्याने उखडलेला सेन्सर पुन्हा लावणं (उखडतोच तो!).

पण "इमारत सुरक्षित आहे" असं तुम्ही कधीच लिहायचं नाही. ते काम परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. वर माणसं झोपलेली असतात हो. पहिल्या दिवसापासून असा इंजिनिअर जोडीला घ्या, धोक्याची मर्यादा त्याच्याकडूनच ठरवून घ्या. आकडा त्यापलीकडे गेला तर रात्री दोन वाजता फोन कोणी कोणाला करायचा, हे करारात नावासकट लिहा. मगच ॲडव्हान्स घ्या.