ओहोटीनं नेमलेली वेळ

मुंबईचा समुद्र मेलेला आहे, असं मुंबईकर फार खात्रीनं सांगतो. पाणी काळं, वाळूत प्लास्टिक, नाल्यांचा वास. इथे काय जगणार? 2013 साली दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनासाठी गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कितीतरी जणांच्या पायांत पाकटांचे काटे घुसले, तेव्हा या मेलेल्या समुद्रात पाकटं राहतात ही शहराला बातमी वाटली. कोळीवाड्याला ती नवी नव्हती. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा स्वयंसेवकांचा गट हाजी अली, जुहू, गिरगाव अशा किनाऱ्यांवर लोकांना घेऊन ओहोटीत फिरतो, व्याख्यानं देतो, शाळकरी मुलांना खेकडे दाखवतो. या कामाचं कौतुक सहसा ‘जनजागृती’ या एका शब्दात उरकलं जातं. जागृती झाली तर चांगलंच, पण ती मोजता येत नाही आणि टिकेल याची हमी नसते. या फेऱ्यांची खरी कमाई दुसरी आहे, आणि ती बरीच रुक्ष आहे: अमुक जागी, अमुक दिवशी, अमुक जीव जिवंत होता याची नोंद.

हौशी माणसांनी निसर्गाची दफ्तरं भरायची रीत या शहराला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली आठ जणांनी मिळून काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन डॉक्टर होते. पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. मात्र हौशी निरीक्षकांचा ओढा प्रामुख्यानं जंगलाकडे आणि पाखरांकडे राहिला, दारातली खडपं, म्हणजे ओहोटीत उघडे पडणारे किनाऱ्यावरचे खडक, मागे पडली. याला एक साधं कारण असावं. पक्षी पाहायला रविवारची कुठलीही सकाळ चालते. खडपांचं तसं नाही.

खडपाची वेळ चंद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास येतो, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिच्यामागून ओहोटीही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि एरवी पाण्याखाली असलेला खडपाचा खालचा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी पुरेसं ओसरतच नाही. म्हणजे पंधरवड्यातले मोजके दिवस, आणि त्या दिवसांतही ओहोटी पहाटे-सकाळी किंवा संध्याकाळी. पाणी खाली गेल्यावर हाताशी दोनेक तास उरतात. ते परतू लागलं की तावातावानं चाललेलं स्पष्टीकरण अर्ध्यावर टाकून किनाऱ्याकडे वळावं लागतं. गटाचं वेळापत्रक गटाच्या हाती नसणं ही अडचण खरी, पण मला या सगळ्या उद्योगात तीच गोष्ट सर्वांत मोहक वाटते.

त्या दोन तासांत दिसतं काय? हाजी अलीच्या खडपावर चिखलाचा म्हणून ओलांडला जाणारा थर पुष्कळदा झोअँथिड्सचा असतो: एकमेकांना खेटून बसलेले, मिटलेले, बटणाएवढे प्राणी. पाणी साचलेल्या खळग्यात तेच उमललेले दिसतात. सपाट वाळूवर मडक्याच्या फुटक्या गळ्यासारखा एक राखाडी पट्टा पडलेला असतो. रबराचा तुकडा समजून तो लाथेनं उडवला जातो. ती एका जातीच्या समुद्री गोगलगायीची अंडी. मादी वाळू आणि चिकट स्राव यांचा पट्टा आपल्या शंखाभोवती वळत नेते आणि अंडी त्यातच गुंफते. पट्टा अखंड असेल तर अंडी बहुधा अजून आत असतात. पिल्लं बाहेर पडली की तो भुगा होऊन विरतो. वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकाचं निम्मं काम असं असतं की कचऱ्यातून जीव आणि जीवातून कचरा वेगळा काढून दाखवायचा. उरलेलं निम्मं म्हणजे हात आवरायला लावणं: उचलायचं नाही, दगड उलटायचा नाही, पाय टाकायचा तो बघून. शे-दोनशे पावलं खडपावर पडली तर नुकसान होणारच, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर माझ्या मते एकच उत्तर आहे, गट लहान ठेवणं, आणि लोकप्रियता वाढली की नेमकं तेच अवघड होतं.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा: हौशी माणसानं केलेली ओळख किती धरायची? इथे नोंदीची पद्धत कामाला येते. फोटो, तारीख आणि जागा यांसह नोंद ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर चढते; ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचं एकमत झालं तरच ती अभ्यासयोग्य ठरते, आणि चूक झाली असेल तर वर्षांनंतरही कुणीतरी ती खोडू शकतं. सरकारी अहवालातल्या एका ओळीला ही सोय नसते. तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. खडपावर कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बायांना हे सारं आधीच ठाऊक आहे; मग शहरी मंडळींनी बूट घालून येऊन शोध लावल्याचा आव कशाला? आव नकोच. पण त्या बायांच्या माहितीला पर्यावरणाच्या परवानगीच्या फायलीत जागा नाही, तारीख घातलेल्या फोटोला आहे. हा अन्याय आहे, आणि कोळीवाड्यातली माणसं फेरीची वाट दाखवायला पुढे उभी राहिली तर तो थोडा कमी होईल.

समुद्रात भराव घालून बांधलेल्या मुंबईच्या किनारी रस्त्याचं प्रकरण सांगून चौथा आक्षेप घेतला जातो: नोंदी झाल्या, त्यातून थांबलं काय? रस्ता थांबला नाही, हे खरं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2019 मध्ये त्याची किनारा क्षेत्राची मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, भराव पुढे सरकला आणि मार्च 2024 मध्ये पहिली मार्गिका वाहनांना खुली झाली. दरम्यान हाजी अली आणि वरळीच्या खडपांवरची प्रवाळं चर्चेत आली. भारतात प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे; त्यामुळे ती तिथे आहेत हे मान्य झाल्यावर त्यांच्यावर सरळ भराव टाकता येत नव्हता. 2020 मध्ये परवानगी घेऊन प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या. हा विजय म्हणावा असा नाही. सुट्या दगडावरचं प्रवाळ दगडासकट हलवता येतं, त्याच्या शेजारचे झोअँथिड्स, खेकडे आणि कालवं कुणी हलवत नाही. तरीही, जे तिथे आहे असं कागदावर आलं त्याचाच विचार झाला, आणि जे आलं नाही त्याला तेवढीही दाद मिळाली नाही.

म्हणूनच या फेऱ्यांची सर्वांत मोठी उणीव त्यांच्या नोंदींतच आहे. लोक जातात तिथले आणि नजरेत भरतात ते जीव नोंदले जातात. एखादा जीव होता हे त्यातून कळतं. तो कमी झाला की नाही, हे कळत नाही. भरावानंतर उरलेल्या खडपाचं काय झालं हे सांगायचं तर तोच आखलेला पट्टा, त्याच ऋतूत, तेवढ्याच ओहोटीला वर्षानुवर्षं मोजावा लागेल. सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असंही लिहावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात ऑक्टोपस दिसल्याचा आनंद क्वचितच. किनारी रस्त्याच्या पुढच्या टप्प्यांची आखणी वर्सोव्याच्या पलीकडे, भाईंदरच्या दिशेनं गेली आहे, आणि तिकडचं काम पुढे सरकण्याआधीच्या मोजण्या आत्ताच व्हायला हव्यात. त्यासाठी लागणारी माणसं नोकऱ्या सांभाळून येणारी आहेत, आणि हवी ती ओहोटी बऱ्याचदा मंगळवारी सकाळी साडेसातला असते.