दिल्ली बघायला कधी जावं? सुट्टी, हवा आणि रमजान यांचा मेळ

आपल्याकडे दिल्लीची ट्रिप बहुतेक घरांत शाळेच्या सुट्टीवर ठरते. मुलांना सुट्टी मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. मग तिकिटंही तेव्हाचीच निघतात. अडचण अशी की, दिल्लीसाठी वर्षातले सगळ्यात त्रासाचे दिवसही हेच. जामा मशीद, निजामुद्दीन औलियांचा दर्गा, लाल किल्ला एकदा अम्मी-अब्बांना दाखवावा म्हणून माणूस पैसे साठवतो. तारीख चुकली, तर तेच अम्मी-अब्बा हॉटेलच्या खोलीत बसून राहतात. म्हणून आधी हवा बघा, मग तिकीट काढा.

मे-जून : लू आणि तापलेला दगड

मुंबई-कोकणच्या लोकांना वाटतं, उकाड्याची तर आपल्याला सवयच आहे. पण दिल्लीचा उन्हाळा कोरडा असतो. पारा 40 अंशांच्या वर जातो, काही दिवस 45 च्या आसपास. दुपारी गरम वारा सुटतो, त्याला तिकडे 'लू' म्हणतात. घाम लगेच सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसं इथंच आजारी पडतात.

त्यात दिल्लीत बघायचं बरंचसं उघड्यावर आहे. शाहजहाननं बांधलेल्या जामा मशिदीचं अंगण लाल दगडाचं, आणि तिथं अनवाणीच चालायचं. मे महिन्यातल्या दुपारी पाय भाजतात. कुतुबमिनार आणि लाल किल्ल्याच्या आवारातही सलग सावली नाही.

जूनच्या शेवटी पाऊस येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कमी झालं तरी हवा दमट असते आणि रस्त्यांवर पाणी तुंबतं. 15 ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्लाही बंद ठेवतात.

दिवाळी : हवा थंड, पण श्वास जड

दिवाळीत थंडी सुरू झालेली असते, म्हणून हा काळ चांगला वाटतो. पण याच सुमाराला पंजाब-हरियाणात भाताची काढणी होते आणि शेतातला पेंढा जाळला जातो. त्यात फटाक्यांचा धूर, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ. वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि सगळा धूर शहरावरच अडकतो. हवेचा निर्देशांक 400 च्या पुढे गेला की सरकारी भाषेत ती 'गंभीर' पातळी. नोव्हेंबर 2024 मध्ये अशा हवेमुळे दिल्लीत शाळांचे वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले होते. घरात कुणाला दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर नोव्हेंबरची दिल्ली टाळाच.

डिसेंबर-जानेवारीत हवा बरेच दिवस खराबच असते, वर दाट धुकं. गाड्या आणि विमानं तासन् तास उशिरा धावतात. पुढं अजमेरची गाडी पकडायची असेल, तर सगळं वेळापत्रक कोलमडतं. 26 जानेवारीच्या आसपास परेड आणि तिच्या तालमींसाठी रस्ते बंद असतात.

मग चांगले दिवस कोणते?

पहिला काळ म्हणजे फेब्रुवारी ते मार्चचा तिसरा आठवडा. दिवसा 22 ते 30 अंश, सकाळ-संध्याकाळ स्वेटर पुरतो. धुकं विरलेलं असतं, हवा नोव्हेंबरपेक्षा खूप बरी असते. हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेत मुलं मोकळी खेळतात. राष्ट्रपती भवनाची बागही, म्हणजे अमृत उद्यान, याच दिवसांत लोकांसाठी उघडते.

दुसरा काळ सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस परतलेला असतो, हवा धुतलेली असते आणि धुराचे दिवस अजून सुरू व्हायचे असतात. दुपारी थोडं गरम होतं, एवढंच.

रमजानचा हिशोब

रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे सध्या तो दिल्लीच्या या छान दिवसांतच येतोय. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होईल, 2028 मध्ये जानेवारीच्या शेवटी. नक्की तारीख अर्थात चाँदवर. म्हणून 2027 मध्ये ईदनंतर, मार्चच्या मध्याला जाणं सोयीचं. 2028 मध्ये ईद फेब्रुवारीतच होईल, म्हणजे मार्चचा पहिला पंधरवडा मोकळा मिळेल.

काहींना रमजानमधलीच दिल्ली बघायची असते. जामा मशिदीच्या अंगणात दस्तरखान पसरून घरच्या घरं इफ्तारला बसलेली असतात, आणि मटिया महलची गल्ली रात्री उशिरापर्यंत जागी असते. मन भरून येईल असंच ते दृश्य. पण रोज्यात दिवसभर पायपीट जमणार नाही, हे धरूनच बेत करा. गर्दीत मुलांचा हात सोडू नका.

तिकीट काढण्याआधी

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. रत्नागिरी, पनवेल, कल्याणहून मंगला एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीन स्टेशनला नेते. दर्गा तिथून जवळच. लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. म्हणून जुम्याचा दिवस जामा मशिदीसाठी ठेवा, आग्रा दुसऱ्या दिवशी. दर्ग्यावर कव्वाली ऐकायची तर गुरुवारची संध्याकाळ.

राहिला शाळेचा प्रश्न. बोर्डाचं वर्ष नसेल, तर शनिवार-रविवार जोडून चार-पाच दिवसांची रजा वर्गशिक्षकांशी बोलून मिळू शकते. बोर्डाचं वर्ष असेल, तर ट्रिप पुढच्या वर्षावर टाका. सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात मात्र जाऊ नका.